सत्तर खोकी आणि एक पुस्तक: ‘द सिल्मरिलियन’च्या संपादनाचं प्रकरण

लेखक गेल्यावर मागे राहिलेल्या कागदांचं काय करायचं, या विषयावरची प्रकरणं शिकवताना मला बहुतेक वेळा नावं झाकावी लागतात. घरचे हयात असतात, वाटण्या व्हायच्या असतात, आणि ‘बाबांचं लिहिलेलं कोणी बदललं?’ हा प्रश्न अजून धुमसत असतो. इथे नावं झाकण्यात अर्थ नाही. ज्याने निर्णय घेतले त्यानेच पुढची चाळीस वर्षं ते एकेक करून उकलून छापले, आणि जिथे चुकलो असं वाटलं तिथे तसं लिहूनही टाकलं. अभ्यासाला इतकं उघडं प्रकरण दुसरं मिळायचं नाही.

पार्श्वभूमी

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) पोटापाण्यासाठी भाषेचे अभ्यासक होते. पहिल्या महायुद्धानंतर ते ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत ‘डब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या व्युत्पत्त्या लावत बसत. मग काही वर्षं लीड्स, १९२५ पासून ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक, आणि १९४५ पासून १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत इंग्रजी भाषा आणि साहित्याचे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या काव्याकडे इतिहासाची खाण म्हणून न बघता काव्य म्हणून बघा, हे त्यांनी १९३६ च्या व्याख्यानात सांगितलं आणि त्या अभ्यासाची दिशा बदलली. बाहेरच्या जगाला ते ठाऊक झाले ते मात्र ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) यांमुळे.

त्यांच्या लेखी खरं काम तिसरंच होतं. १९१६ च्या नोव्हेंबरात ते सोमच्या लढाईतून खंदकज्वर घेऊन इंग्लंडला परतले आणि आजारपणाच्या त्या महिन्यांत काही कथा लिहायला लागले. या कथांच्या आधी भाषा होत्या. फिनिशच्या नादावर बेतलेली एक, वेल्शच्या वळणाची दुसरी. भाषा आहे तर ती बोलणारे लोक हवेत, लोक आहेत तर त्यांचा इतिहास हवा, भांडणं हवीत, स्थलांतरं हवीत. बोलणारे फुटून लांब गेल्याशिवाय एका भाषेच्या दोन भाषा होत नाहीत, हे व्युत्पत्ती लावणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको. अशा रीतीने एल्फ या माणसांसारख्याच पण अमर लोकांचा, त्यांच्या सिल्मरिल नावाच्या तीन रत्नांचा आणि त्या रत्नांपायी झालेल्या युद्धांचा हजारो वर्षांचा पुराणेतिहास उभा राहिला. तोच ‘द सिल्मरिलियन’.

‘हॉबिट’ खपल्यावर १९३७ च्या नोव्हेंबरात त्यांनी यातले काही कागद प्रकाशकाला नेऊन दिले. प्रकाशकाच्या वाचकाच्या हाती पडली ती मुख्यतः एक दीर्घ, अपुरी कविता आणि थोडीशी गद्य पानं. मुख्य मजकूर त्याने पाहिलाच नाही. नकार सौम्य शब्दांत आला. टॉल्किनना वाटलं, पुस्तकच परत आलं. १९५० च्या सुमारास त्यांनी ‘रिंग्ज’ आणि ‘सिल्मरिलियन’ जोडीनेच छापावेत म्हणून हट्ट धरला, दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले, तिथेही जमलं नाही, आणि १९५२ मध्ये निदान ‘रिंग्ज’ तरी, असं म्हणून जुन्याच प्रकाशकाकडे परतले.

म्हणजे १९१६ पासून १९७३ पर्यंत, सत्तावन्न वर्षं, हे पुस्तक लिहिलं जात होतं आणि पुस्तक होत नव्हतं.

२ सप्टेंबर १९७३ ला टॉल्किन बोर्नमथमध्ये वारले. मृत्युपत्रात त्यांनी धाकट्या मुलाला, ख्रिस्टोफरला, वाङ्मयीन विश्वस्त नेमलं होतं: अप्रकाशित काहीही छापावं, बदलावं, पुन्हा लिहावं, पुरं करावं, नाहीतर नष्ट करावं, सगळं त्याच्या मर्जीवर. वारसाला इतकी मोकळीक मिळणं ही कायद्याच्या दृष्टीने सोय असते. संपादकाच्या दृष्टीने मात्र तो पेच असतो, कारण ‘मला तेवढाच अधिकार होता’ ही पळवाट उरत नाही.

ख्रिस्टोफर तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे, ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये प्राध्यापकी करत होते आणि स्वतः जुन्या नॉर्स साहित्याचे संपादक होते. एका सागाची, म्हणजे जुन्या नॉर्स गद्यकथेची, त्यांची आवृत्ती १९६० मध्ये निघाली होती. ‘रिंग्ज’चे नकाशे त्यांनीच काढले होते. लहानपणी या कथा त्यांनी वडिलांच्या तोंडून ऐकल्या होत्या. या कामाला याहून लायक माणूस शोधूनही सापडला नसता, आणि तरीही पुढे जे झालं ते झालं, म्हणून हे प्रकरण बघण्यासारखं.

अडचण

कागद सत्तर खोक्यांत होते. अपुऱ्या हस्तलिखितावर काम करणाऱ्यांना सहसा मजकूर कमी पडतो. इथे तो नको इतका होता.

टॉल्किन आधी पेन्सिलीने भराभर लिहीत आणि मग त्याच ओळींवर शाईने सुधारित मजकूर लिहीत, त्यामुळे खालचा पाठ वरच्या पाठाखाली गाडला जाई. युद्धकाळात कागदाची चणचण, म्हणून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू वापरलेल्या. एखादी कथा नव्याने लिहायला घेतली की सुरुवात रेखीव अक्षरात, मध्यावर येईतो गिचमीड, आणि शेवटाआधीच थांबलेली. मग काही वर्षांनी पुन्हा सुरुवातीपासून. त्यामुळे आरंभाच्या प्रकरणांचे पाच-पाच, सहा-सहा पाठ आणि शेवटच्या प्रकरणांचा एखादाच, तोही चाळीस वर्षं जुना. गॉन्डोलिन या गुप्त नगराच्या पाडावाची पूर्ण कथा एकदाच लिहून झाली, १९१६–१७ च्या सुमारास. १९५१ च्या आसपास त्यांनी ती पुन्हा हाती घेतली. टूओर हा वीर वाट काढत येतो, नगराच्या सात दरवाजांतून एकेक करून आत जातो, शेवटच्या दरवाजातून त्याला ते शुभ्र नगर दिसतं, आणि लेखणी थांबते. नगरात तो पाऊल टाकतच नाही.

ही नुसती चालढकल नव्हती. कथा भाषांवर उभी असल्यामुळे व्याकरणात केलेला फेरफार थेट कथानकात उतरत होता. निर्वासित एल्फांची म्हणून घडवलेली वेल्शच्या वळणाची भाषा १९५० च्या आगेमागे त्यांनी दुसऱ्याच शाखेला, मागे राहिलेल्या करड्या एल्फांना, देऊन टाकली. झालं, आता आलेले लोक आपली भाषा सोडून स्थानिकांची का बोलू लागले याचं कारण इतिहासात घालावं लागलं: एका राजाने भाषेवरच बंदी घातली.

अखेरच्या वर्षांतलं एक टिपण तर फक्त एका उच्चाराबद्दल आहे. एका राणीच्या बिरुदातला पहिला ध्वनी, ‘थेरिंदे’ म्हणायचं की ‘सेरिंदे’? लोकांच्या तोंडी ‘थ’चा ‘स’ झाला. तिने मात्र सोडला नाही, आणि ती गेल्यावर तिच्या मुलाने, फेआनोरने, ‘स’ म्हणणारा प्रत्येक जण आपल्या आईचा अपमान करतो असं धरलं. एका ध्वनीवरून राजघराणं फुटलं. ‘पाणी’ की ‘पानी’ यावरून माणूस जोखणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. छापील ‘सिल्मरिलियन’मध्ये ‘सेरिंदे’ आहे, आणि त्यामागच्या भांडणाचा मागमूस नाही.

दुसरं टिपण मला त्याहून आवडतं. नावांच्या शेवटी येणारं ‘रोस’ कुठून आलं यावर टॉल्किननी मोठ्या बारकाईने एक उपपत्ती रचली, पानं भरली. मग त्यांच्या लक्षात आलं की ‘रिंग्ज’मध्ये एका बेटाच्या नावातल्या ‘रोस’चा उलगडा आपण वेगळाच करून बसलो आहोत, आणि तो छापलेला आहे. कागदावर त्यांनी शेरा मारला की यातलं बहुतेक सगळं फसलं. जे छापलं गेलं ते त्यांच्यासाठी इतिहासाच्या पुराव्यासारखं अढळ होतं. जे छापलं नव्हतं ते ओल्या मातीसारखं होतं, हात लागला की आकार बदलायचा.

मग यातलं ‘त्यांचं’ पुस्तक कोणतं? १९३७ चं? १९५१ चं? की शेवटच्या वर्षांतल्या चिठ्ठीवरचं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, काहीच न छापणं. तो कोणी गंभीरपणे मांडलेला दिसत नाही. वाचक वीस वर्षं वाट बघत होते आणि लेखकाची इच्छाही उघड होती.

दुसरा पर्याय विद्वानांचा: सगळे पाठ कालक्रमाने, टिपांसह. ख्रिस्टोफर यांचं शिक्षण याच वळणाचं. आपल्याकडे हा मार्ग पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारतासाठी चोखाळला, वर निवडलेला पाठ आणि खाली पाठभेदांच्या ओळीच्या ओळी. पण ती तुलना इथे अर्ध्यावरच थांबते. त्या आवृत्तीचे संपादक सुकथनकर यांच्यासमोर नकलाकारांच्या पोथ्या होत्या आणि त्यांच्या आड हरवलेलं एक जुनं रूप शोधायचं होतं. ख्रिस्टोफर यांच्यासमोरचा प्रत्येक कागद मूळच होता, एकाच हाताचा. नकलाकाराच्या चुका झाडून टाकल्या की खाली शुद्ध पाठ सापडेल, अशी इथे सोयच नव्हती. शिवाय पदरात संशोधनाची पुंजी नसलेला वाचक सहा पाठांच्या जंगलात पहिल्या दहा पानांत वाट चुकला असता. एकाच पुस्तकात हे सगळं वैविध्य दाखवू गेलो तर गोंधळच होईल आणि गाभा बुडेल, असं त्यांनी १९७७ च्या प्रस्तावनेत लिहिलं आहे.

तिसरा पर्याय, एकसंध कथन. निरनिराळ्या काळातले तुकडे निवडायचे, जुळवायचे, नावं एकसारखी करायची, आणि वडिलांनी कधी पूर्ण न केलेलं पुस्तक पूर्ण झाल्यासारखं वाचकाच्या हाती द्यायचं. याची किंमत अशी की सांधे दिसेनासे होतात.

चौथाही एक पर्याय होता, जो तेव्हा कोणाच्या मनात आला नसावा: पूर्ण तेवढं पूर्ण म्हणून छापायचं आणि अपूर्ण तिथे तुटू द्यायचं. तो १९८० मध्ये आला, पण दुसऱ्याच पुस्तकात.

काय केलं

ख्रिस्टोफर यांनी तिसरा मार्ग घेतला. १९७४–७५ मध्ये गाय गॅव्ह्रिएल के हा जेमतेम विशीतला कॅनेडियन तरुण मदतीला आला. पुढे तोही अद्भुत कथांचा नावाजलेला लेखक झाला. १९७५ मध्ये ख्रिस्टोफर यांनी प्राध्यापकी सोडली आणि ते दक्षिण फ्रान्सला राहायला गेले, खोक्यांसह. वडिलांचे कागद लावायला नोकरी सोडणं हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय, आणि त्याबद्दल त्यांनी सगळ्यात कमी लिहिलं आहे.

तीन ठिकाणी त्यांना थांबून विचार करावा लागला असणार.

पहिलं विश्वरचनेचं. जुन्या कथांत पृथ्वी आधी सपाट आहे, आणि सूर्य-चंद्र म्हणजे दोन मरणाऱ्या झाडांचं शेवटचं फळ आणि फूल. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात टॉल्किनना हे खटकू लागलं. इतक्या ज्ञानी एल्फांना खगोल कळत नव्हता का? सूर्य आरंभापासूनच होता, असं करून बघणारी टिपणं त्यांनी लिहिली. लेखकाची शेवटची इच्छा प्रमाण, असा नियम धरला तर ही टिपणं पाळायला हवी होती. ख्रिस्टोफर यांनी ती बाजूला ठेवली. तो खांब काढला असता तर सगळी वास्तू खाली आली असती. ‘शेवटचं ते खरं’ हा नियम आंधळेपणाने वापरू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरं, निवेदकाचं. या कथा कोण सांगतं आहे? टॉल्किनच्या सुरुवातीच्या आराखड्यात एक जुना इंग्रज दर्यावर्दी एल्फांच्या बेटाला पोचतो आणि ऐकलेलं लिहून ठेवतो. ‘रिंग्ज’नंतर दुसरी शक्यता आली: ‘हॉबिट’चा नायक बिल्बो म्हातारपणी ‘रिंग्ज’च्या नायकाला, फ्रोडोला, तीन ग्रंथ देतो, कोळ्याच्या जाळ्यासारख्या अक्षरातले, लाल पाठींचे, त्यांवर लिहिलेलं की एल्फ भाषेतून केलेले अनुवाद. हाच ‘सिल्मरिलियन’ असं धरायला जागा होती. पण टॉल्किननी पक्कं कुठेच म्हटलं नव्हतं. ख्रिस्टोफर यांनी दर्यावर्दीही काढला आणि बिल्बोही आणला नाही. पुस्तक विश्वाच्या निर्मितीपासून थेट सुरू होतं, कोणीच न सांगितल्यासारखं.

तिसरं ठिकाण बाविसावं प्रकरण, डोरिआथच्या नाशाचं. इथे जरा थांबायला हवं.

डोरिआथचा राजा थिंगोल. त्याची राणी मेलियन देवयोनीतली, आणि तिच्या मायेचं कडं राज्याभोवती आहे. शत्रूला ते ओलांडता येत नाही. थिंगोलला ड्वार्फ, म्हणजे धातूकामात तरबेज असलेले बुटके लोक, मारतात हे जुन्या कथांपासून ठरलेलं. पण १९३० नंतर टॉल्किननी हा भाग सलग पुन्हा लिहिलाच नाही, आणि त्या पाठात ड्वार्फांचं सैन्य राज्यात शिरतं. कडं आहे तर सैन्य आत शिरलं कसं? ही फट टॉल्किनना स्वतःलाच दिसली होती. शत्रूचं सैन्य डोरिआथमध्ये येऊच शकत नाही, तेव्हा राजालाच कसंतरी सीमेबाहेर काढून तिथे मारायला हवं, अशा अर्थाचं टिपण त्यांनी करून ठेवलं. कसं काढायचं ते लिहिलं नाही.

ख्रिस्टोफर आणि के यांनी बऱ्याच जुळण्या करून पाहिल्या. शेवटी जे छापलं त्यात राजा बाहेर जातच नाही. नोग्रोडचे ड्वार्फ कारागीर आधीपासूनच त्याच्या महालात कामाला आहेत. तो त्यांना एका कंठहारात सिल्मरिल जडवायला सांगतो, रोज खाली भट्टीशी जाऊन बसतो, रत्नावरून बोलाचाली होते आणि तिथेच, जमिनीखाली, एकटा, ते त्याला मारतात. प्रसंग म्हणून तो उत्तम आहे. दागिना घडत असताना सोनारापाशी जाऊन बसणारं गिऱ्हाईक आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. इथे तो राजा आहे आणि सोनारांच्या हातात हातोडे आहेत. पण हा प्रसंग टॉल्किनचा नाही, आणि त्यांच्या टिपणातल्या सूचनेशीही जुळत नाही.

नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. संपादनाचं काम करणाऱ्या मराठी माणसाला हे प्रकरण वाचताना ती नरोटी आठवल्याशिवाय राहत नाही. पण नाथांच्या हाताशी नऊ हजार ओव्या होत्या. ताटातला एक पदार्थच वाढलेला नसेल तर काय करायचं, हे त्यांना ठरवावं लागलं नव्हतं.

परिणाम

‘द सिल्मरिलियन’ १५ सप्टेंबर १९७७ रोजी आलं आणि अमेरिकेत खपाच्या यादीत वर जाऊन बसलं. परीक्षणं संमिश्र होती. हॉबिट शोधणाऱ्यांना वंशावळ्या मिळाल्या, आणि अनेकांनी पुस्तक चाळीसाव्या पानावर खाली ठेवलं. ते अजूनही ठेवतात.

खरा परिणाम दुसरीकडे झाला. आता अभ्यासकांपुढे प्रश्न आला: छापलेल्या वाक्यांपैकी वडिलांची कोणती, मुलाची कोणती? एकाने तर लिहून टाकलं की या रूपातलं हे पुस्तक बापाचं नाही, लेकाचंच. हा गैरसमज आहे असं ख्रिस्टोफर यांनी ठासून सांगितलं. पण तो पुसायचा तर एकच उपाय होता, खोकी उघडून दाखवणं.

१९८० मध्ये ‘अनफिनिश्ड टेल्स’ आलं. त्यात कथा जिथे थांबल्या तिथे थांबू दिल्या होत्या आणि टिपा उघड्या होत्या. टूओरची ती सात दरवाजांची वाट तिथेच पहिल्यांदा छापली गेली. १९८३ ते १९९६ या काळात मिडल-अर्थच्या, म्हणजे टॉल्किनच्या कथांमधल्या जगाच्या, इतिहासाचे बारा खंड आले. १९७७ मध्ये नाकारलेला दुसरा पर्याय, बारा पट होऊन. पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत ख्रिस्टोफर यांनी लिहिलं की निवेदकाची चौकट न देणं ही चूक होती असं आता वाटतं. १९९४ च्या खंडात डोरिआथबद्दल: आपण संपादकाची हद्द ओलांडली, अडचण होती पण ती त्या रीतीने सोडवायला नको होती. १९९६ मध्ये आणखी एक कबुली. गिल-गलाद या राजाचा बाप म्हणून आपण ज्याचं नाव छापलं ते वडिलांच्या मनात क्षणभर येऊन गेलेल्या कल्पनेवर बेतलेलं होतं. मोघम ठेवलं असतं तर बरं झालं असतं. एका राजाचा बाप चुकला म्हणून वीस वर्षांनी जाहीर कबुली देणारा संपादक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

२०१२ मध्ये एका फ्रेंच वर्तमानपत्राला त्यांनी पूर्वी पडलेलं एक स्वप्न सांगितलं. वडिलांच्या ऑक्सफर्डच्या खोलीत ते बसले आहेत, वडील आत येतात आणि अस्वस्थपणे काहीतरी शोधू लागतात. ते ‘सिल्मरिलियन’ शोधत आहेत हे मुलाच्या लक्षात येतं, आणि आपण त्याचं काय केलं हे आता त्यांना कळेल या विचाराने त्याचा थरकाप होतो.

वेगळं काय करता आलं असतं

वर्गात हा प्रश्न टाकला की विद्यार्थी पहिल्यांदा डोरिआथवर बोट ठेवतात. माझं मत वेगळं आहे. डोरिआथ एका प्रकरणापुरतं आहे आणि त्याला दुरुस्ती साधी होती: पुस्तकाच्या शेवटी दोन पानं, की बाविसाव्या प्रकरणाचा हा भाग संपादकांनी जुळवला आहे आणि मूळ टिपणात असं होतं. प्रस्तावनेत मजकूर निवडून रचल्याचं ख्रिस्टोफर यांनी सांगितलं होतं, के यांचे आभारही मानले होते. पण कुठे फक्त निवड झाली आणि कुठे भर घातली गेली, हा फरक तिथे नव्हता. निवड आणि भर यांना एकच ‘संपादन’ म्हणणं ही या प्रकरणातली मुळातली चूक, आणि ती आपल्याकडे दर महिन्याला होते. गेलेल्या कवीच्या वहीतल्या ओळीत मात्रा बसवणारा स्नेहीसुद्धा स्वतःला संपादकच म्हणवतो.

चौकट काढण्याचं नुकसान जास्त खोल होतं. लाल पाठींचे ते तीन ग्रंथ समोर असते तर वाचकाला आपोआप कळलं असतं की हे कोणीतरी, कधीतरी, कोणाकडून तरी ऐकून, भाषांतरून लिहिलं आहे. मग दोन प्रकरणांतली विसंगती ही परंपरेतली विसंगती ठरली असती, आपल्या रामकथांत असते तशी, आणि ती झाकण्यासाठी इतकी घासाघीस करावी लागली नसती. पाठभेद सहज पोटात घेईल असं भांडं टॉल्किननी घडवून ठेवलं होतं. संपादकाने भांडं काढून ठेवलं आणि मग आतला द्रव सांडू नये म्हणून आयुष्य घालवलं. एक पान पुरलं असतं. अर्थात, वडिलांनी जे ठामपणे कुठे लिहिलेलं नाही ते आपण लिहू नये, हा त्यांचा तेव्हाचा संकोच कळतो. गंमत एवढीच की चौकटीच्या बाबतीत जो संकोच पाळला तो डोरिआथच्या बाबतीत सुटला.

आधीच टिपांसह, सगळ्या पाठांची आवृत्ती काढायला हवी होती का? अभ्यासक मंडळी हो म्हणतात. मला शंका आहे. १९७७ चं सलग पुस्तक आलं, लाखो घरांत गेलं, म्हणून बारा खंड छापायला प्रकाशक उभा राहिला, असं मला वाटतं. उलट्या क्रमाने कदाचित एक जाड खंड निघाला असता, ग्रंथालयांनी घेतला असता आणि खोकी पुन्हा बंद झाली असती. मरणोत्तर कागद घेऊन येणाऱ्या घरच्यांना मी म्हणूनच अजूनही आधी वाचनीय पुस्तक काढायला सांगतो. फक्त सोबत एक साधी वही ठेवा म्हणतो, कोणतं वाक्य कुठल्या कागदावरून घेतलं त्याची. ख्रिस्टोफर यांना ती संगती पुढे बारा खंडांत लावून दाखवावी लागली.

ते २०१७ मध्ये टॉल्किन न्यासाच्या संचालकपदावरून पायउतार झाले. २०१८ मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांनी शेवटचं पुस्तक दिलं, ‘द फॉल ऑफ गॉन्डोलिन’. त्यात या एकाच कथेचे सगळे पाठ एकामागे एक लावले आहेत, १९१६–१७ चा पूर्ण पाठही आणि १९५१ चा अर्धा राहिलेलाही. तोवर त्या नगराचे रस्ते, तिथली माणसं, पाडावाची रात्र, सगळं त्यांना वडिलांइतकंच ठाऊक होतं. जोड द्यायची असती तर त्यांच्याइतकी ती कोणालाच साधली नसती. १९५१ च्या पाठात टूओर सातव्या दरवाजापाशी येतो, दूरवर शुभ्र नगर बघतो, आणि मजकूर तिथेच संपतो. पुढे एक ओळही घातलेली नाही.